कपडा नाही, शिवण उसवते!

मराठी विभागासाठी लेख देतेय असं मी सांगितलं, तेव्हा आमच्या होस्टेलच्या खोलीत जो हशा पिकला तो अजून कानात आहे. बरोबरच आहे म्हणा! ज्युनिअर केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. शाळेत मराठीत बोललं की दंड, आणि घरी चुकून इंग्लिश निघालं की आजीचा टोमणा, "आल्या बघा मडमीण बाई!" अशी दोन डगरींवर पाय ठेवून मी मोठी झाले. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात, आणि मुद्दा मात्र वाचकांनी सांभाळावा, एवढीच विनंती.

सातवीत असताना आजीने मला तिच्या बहिणीचा फोन नंबर सांगितला. शेवटचे दोन आकडे, "एकोणसत्तर". कॉन्व्हेंटच्या डोक्याने "सत्तर" ऐकलं, पुढे कुठेतरी नऊ असणार असं ठरवलं आणि लिहून टाकलं ७९. फोन लागला. रिंग वाजली. समोरून कोणीतरी "हॅलो"ही म्हणालं. फक्त ते घर दुसऱ्याचंच होतं! आजीने नंबर बरोबर सांगितला होता, मी लिहिलेला आकडाही स्वच्छ वाचता येत होता. एकाही टोकाला कोणाला शंका आली नाही. घोटाळा झाला तो तिच्या तोंडापासून माझ्या पेनापर्यंतच्या वाटेवर.

तेव्हा मी हे हसण्यावारी नेलं. पण यंदा टी. ई. च्या मिनी प्रोजेक्टमध्ये हीच चूक मी पुन्हा केली, आणि या वेळी ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

झालं असं. आमच्या सिव्हिल डिपार्टमेंटमध्ये ट्रसचं ॲनालिसिस करणारा एक जुना प्रोग्रॅम आहे. एका निवृत्त सरांनी फोर्ट्रान ७७ मध्ये लिहिलेला. प्रोग्रॅम उत्तम, पण इनपुट द्यायचं म्हणजे शिक्षा! टेक्स्ट फाइलमध्ये प्रत्येक आकडा ठरलेल्या कॉलममध्येच बसला पाहिजे. एक स्पेस इकडची तिकडे झाली की संपलं. आम्ही चौघांनी ठरवलं, याला पायथनचा छान चेहरा द्यायचा. माऊसने ट्रस काढायचा, बटण दाबायचं, ताणलेले मेंबर्स लाल आणि दाबलेले निळे दिसले पाहिजेत.

पहिला विचार अर्थातच, "फोर्ट्रान कोण शिकणार? सगळंच पायथनमध्ये पुन्हा लिहू!" आजकाल तर एका संध्याकाळचं काम. चॅटबॉटला कोड दिला, त्याने सुंदर, नीटनेटका पायथन प्रोग्रॅम हातात ठेवला. छोटी उदाहरणं जुळली. एका मोठ्या उदाहरणात मात्र उत्तर दुसऱ्या दशांश स्थळावर वेगळं यायला लागलं. कोणाचं बरोबर? आम्ही गाइड सरांकडे गेलो. त्यांनी कोडकडे पाहिलंसुद्धा नाही. एकच विचारलं, "हा जुना प्रोग्रॅम आजवर किती बॅचेसनी हाताने सोडवलेल्या गणितांशी ताडून पाहिला असेल? आणि तुमचा किती जणांनी?"

आम्ही गप्प. कारण आमचा प्रोग्रॅम आम्हीच धड वाचला नव्हता.

तिथे मला पहिली गोष्ट कळली. जुन्या कोडची किंमत त्याच्या ओळींमध्ये नसते, त्याच्यावर झालेल्या तपासण्यांमध्ये असते. ओळी नवीन भाषेत उतरवता येतात, तपासण्या उतरवता येत नाहीत. तेव्हा ठरलं, फोर्ट्रानला हात लावायचा नाही. तो जसा आहे तसा कम्पाइल करून लायब्ररी बनवायची आणि पायथनमधून त्याला हाक मारायची.

पहिल्या हाकेला त्याने ओ दिली नाही! सबरूटीनचं नाव 'सॉल्व्ह', पण लायब्ररीत तसं नावच सापडेना. शोधल्यावर कळलं की जी-फोर्ट्रान कम्पायलर सगळी नावं लहान अक्षरांत करतो आणि शेवटी एक अंडरस्कोअर चिकटवतो. ते जमलं, तर प्रोग्रॅम धाडकन कोसळला. कारण आम्ही ३ हा आकडा पाठवला, आणि फोर्ट्रानला आकडा नको असतो, आकडा जिथे ठेवलाय तो पत्ता हवा असतो. त्याने ३ लाच पत्ता समजून मेमरीतल्या त्या घराचं दार ठोठावलं. ऑपरेटिंग सिस्टिमने हाकलून दिलं. सेगमेंटेशन फॉल्ट!

या चुका मला मनापासून आवडतात. आरडाओरडा करणाऱ्या चुका सज्जन असतात. त्या तिथल्या तिथे थांबवतात आणि दुरुस्त करायला लावतात. भीती असते ती गप्प बसणाऱ्या चुकांची.

पत्त्याची भानगड सुटल्यावर आम्ही एक टेस्ट घेतली. पायथनमधून स्टिफनेस मॅट्रिक्स आणि लोड्स पाठवले, फोर्ट्रानने समीकरणं सोडवून डिस्प्लेसमेंट्स परत दिली. हाताने काढलेल्या उत्तराशी तंतोतंत जुळली. जोडणी झाली! त्या रात्री कॅन्टीनमध्ये वडापावची पार्टी झाली आणि पुढच्या दोन दिवसांत बाकीचं सगळं जोडून टाकलं.

मग मी हौसेने माझ्या सिव्हिलच्या रूम पार्टनरला डेमो दाखवला. अगदी साधं छप्पर. तीन नोड्स. डावं टोक (०, ०), उजवं टोक (६, ०), आणि मध्यावर दोन मीटर उंच शिखर, (३, २). दोन्ही टोकं पक्की धरलेली, शिखरावर १० किलोन्यूटनचं वजन. बटण दाबलं, रंग आले. ती दोन सेकंद बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, छप्पर दोन्ही बाजूंनी सारखं, लोड बरोबर मध्यावर. मग एका मेंबरमध्ये कॉम्प्रेशन आणि दुसऱ्यात टेन्शन कसं येईल?"

टेन्शन मला आलं होतं! खरं उत्तर होतं दोन्ही तिरक्या मेंबर्समध्ये सुमारे ९ किलोन्यूटन, दोन्हीकडे कॉम्प्रेशन. आमचा स्क्रीन सांगत होता एकात सुमारे २१ कॉम्प्रेशन आणि दुसऱ्यात सुमारे २० टेन्शन. एकही एरर नाही, एकही वॉर्निंग नाही. आकडे अगदी गंभीर चेहऱ्याने बसलेले.

कारण शोधायला एक अख्खी रात्र गेली, आणि ते सांगायला चार ओळी पुरतात. मेमरी म्हणजे एकच लांबलचक रांग. टेबल कितीही ओळी-स्तंभांचं असो, त्या रांगेत ठेवताना कोणत्या तरी क्रमाने ठेवावं लागतं. सी भाषा आड्या ओळींनी ठेवते, पायथनचं नमपायही सांगितलं नाही तर तसंच ठेवतं. फोर्ट्रान मात्र उभ्या स्तंभांनी ठेवतो आणि तसंच वाचतो. आम्ही पाठवली रांग : ०, ०, ६, ०, ३, २. फोर्ट्रानने पहिले तीन आकडे म्हणजे सगळे एक्स, आणि पुढचे तीन म्हणजे सगळे वाय, असं वाचलं. त्यामुळे त्याच्या लेखी नोड्स झाले (०, ०), (०, ३) आणि (६, २). काढून बघा कागदावर. छप्पर गायब! भिंतीला ठोकलेला ब्रॅकेट तयार! आणि त्या ब्रॅकेटचं उत्तर फोर्ट्रानने अगदी अचूक दिलं होतं. वरचा दांडा ताणलेला, खालचा दाबलेला.

थोडक्यात काय, रिंग वाजली होती, फोन उचललाही गेला होता. फक्त घर दुसऱ्याचं होतं.

मग पहिली टेस्ट कशी पास झाली? इथे आमच्या हुशारीची खरी लाज वाटते. स्टिफनेस मॅट्रिक्स सिमेट्रिक असतो. आडवा वाचा, उभा वाचा, तोच! आजी लहानपणी "चिमा काय कामाची" म्हणायला लावायची ना, उलट सुलट सारखंच, तसं. म्हणजे आम्ही जोडणीला नेमका तोच प्रश्न विचारला ज्यात तिची चूक दिसूच शकत नव्हती, आणि वर पार्टी केली. दुरुस्ती एका शब्दाची निघाली. नमपायला सांगायचं, ॲरे फोर्ट्रानच्या क्रमाने ठेव. बस्स.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. पायथनचा कोड बरोबर होता. फोर्ट्रानचा बरोबर होता. दोन्हींची वेगवेगळी परीक्षा घेतली असती तर दोघं डिस्टिंक्शनमध्ये पास झाले असते. कपडा दोन्हीकडचा पक्का होता, शिवण उसवली. आणि शिवणकाम आपल्याला कोणी शिकवतच नाही!

हा काही टी. ई. च्या पोरापोरींचाच प्रकार नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचलं आणि कायमचं हरवलं. चौकशीत निघालं की जमिनीवरचा एक प्रोग्रॅम थ्रस्टर्सच्या धक्क्याचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदात देत होता, आणि ते वाचणारं पुढचं सॉफ्टवेअर त्यांना न्यूटन-सेकंद समजत होतं. एका पाउंड-फोर्समध्ये जवळजवळ ४.४५ न्यूटन असतात. आकडा इकडून तिकडे सुखरूप पोहोचला, अर्थ वाटेत सांडला. तिथे भाषा प्रोग्रॅमिंगच्या नव्हत्या, मोजमापाच्या होत्या. पण जागा तीच, दोन प्रोग्रॅम्सच्या मधली.

"पण आपल्याला कुठे फोर्ट्रान वापरायचाय?" असं म्हणणाऱ्यांसाठी एक बातमी आहे. तुम्ही तो रोज वापरताय! नमपायला समीकरणं सोडवायला सांगितलीत की काम जातं लॅपॅककडे. ही लायब्ररी १९९२ साली आली, मूळ फोर्ट्रानमधली. ज्या मॅटलॅबच्या असाइनमेंट्स आपण रात्री दोनला एकमेकांच्या कॉपी करतो, तो क्लीव्ह मोलर यांनी पहिल्यांदा लिहिला तोच मुळी विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न लिहिता फोर्ट्रानच्या लायब्रऱ्या वापरता याव्यात म्हणून. पायथन १९९१ चा, फोर्ट्रान १९५७ चा. नातवाच्या स्टार्टअपचा हिशेब आजोबा बघतायत, आणि नातू कॉलर ताठ करून फिरतोय! पायथन "सोपा आणि फास्ट" वाटतो त्यातलं फास्ट बरंचसं सी आणि फोर्ट्रानचं आहे. त्याचं स्वतःचं मोठेपण हे की त्याने जोडून घेतलं.

मग जोडताना नेमकं काय ठरवावं लागतं? आमच्या ठेचांमधून काढलेली ही यादी, ज्युनिअर्ससाठी.

एक, नाव. सी++ मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शन्स असू शकतात, म्हणून कम्पायलर नावात पॅरामीटर्सची माहिती मिसळून त्याचं कडबोळं करतो. बाहेरच्यांना साधं नाव दिसावं म्हणून 'एक्स्टर्न सी' लिहावं लागतं. फोर्ट्रान २००३ मध्ये यासाठी 'बाइंड सी' आलं. आमच्या सरांच्या काळात ते नव्हतं.

दोन, माप. सी मधला 'लाँग' ६४ बिटच्या लिनक्सवर ८ बाइट्सचा, ६४ बिटच्या विंडोजवर ४ बाइट्सचा. म्हणजे माझ्या लॅपटॉपवर चालणारी जोडणी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर चालेलच असं नाही. आणि पायथनच्या सीटाइप्सला फंक्शन काय परत देणार हे सांगितलं नाही, तर तो बिनधास्त पूर्णांक धरून चालतो. समोरून ३.७५ आलं तरी तुमच्या हातात भलताच आकडा.

तीन, मांडणी. त्याची कहाणी वर सांगितलीच.

चार, मालकी. एका भाषेने घेतलेली मेमरी परत कोणी द्यायची? पायथन आपला कचरा आपण उचलतो, सी मध्ये तो हाताने उचलावा लागतो. दोघांनी उचलला तर प्रोग्रॅम कोसळतो, कोणीच नाही उचलला तर मेमरी भरत जाते. होस्टेलच्या कॉमन बाथरूमची बादली आठवा.

पाच, शेवट. शब्द कुठे संपला हे सी ला शेवटच्या शून्यावरून कळतं. फोर्ट्रानमध्ये लांबी आधीच ठरलेली, उरलेल्या जागेत स्पेस भरलेल्या. कोणाला कोणाचा पूर्णविराम कळतो, हे आधी विचारून घ्यावं.

गंमत म्हणजे बहुतेक वेळा या दोन भाषा एकमेकींशी थेट बोलतच नाहीत. दोघी सी च्या पद्धतीने बोलतात. जावाचा जेएनआय असो, पायथन असो, रस्ट असो, बाहेर पडताना सगळ्यांच्या तोंडी सी. मला तर ती आपली मुंबईतली हिंदी वाटते. मराठी भाजीवाली आणि तमिळ गिऱ्हाईक, दोघांचीही ती मातृभाषा नाही, व्याकरणाचा पत्ता नाही, पण भाव आणि वजन बरोबर ठरतं. मात्र त्या हिंदीत कविता करायला जाऊ नये. ऑब्जेक्ट्स, एक्सेप्शन्स असले नाजूक प्रकार त्या वाटेवर पाठवू नयेत. आकडे, पत्ते आणि साधे स्ट्रक्चर्स पाठवावेत. आणि सारखं ये-जा करू नये. प्रत्येक फेरीला टोल असतो. एक एक वीट नेण्यापेक्षा ट्रक भरून एकदाच न्यावा. एकेका नोडसाठी फोर्ट्रानला हाक मारण्यापेक्षा सगळे नोड्स एका ॲरेत द्यावेत.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. आमच्याच ग्रुपमधला एक जण आजही म्हणतो, "या जोडाजोडीने जुना कोड अमर होतो. एक दिवस तो समजणारं कोणी उरणार नाही, मग काय करणार?" त्याचं चुकीचं नाही. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या लाटेत बेकारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबॉल येणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीर आवाहन करावं लागलं होतं. साठ वर्षांपूर्वीची भाषा! ज्या कोडचा कर्ता करविता कोणी उरला नाही, जो रोज बदलावा लागतो, त्याला जोड देत बसणं म्हणजे गळक्या कौलावर ताडपत्री. तो पुन्हा लिहायलाच हवा.

पण पुन्हा लिहायचं असलं तरी आधी जोडावंच लागतं, हे तो विसरतो. जुना आणि नवा शेजारी शेजारी चालवून, एकच इनपुट दोघांना देऊन उत्तरं ताडल्याशिवाय नव्यावर विश्वास कसा ठेवणार? आम्ही तेच केलं. जोडणी दुरुस्त झाल्यावर चॅटबॉटचा तो देखणा पायथन प्रोग्रॅम पुन्हा बाहेर काढला आणि दोघांना एकाच स्क्रीनवरून चालवलं. पायरी पायरीने ताडत गेलो तेव्हा दशांशातला फरक सापडला. सरांच्या कोडमध्ये एका ठिकाणी पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं होतं. फोर्ट्रान तिथे अपूर्णांक सोडून देतो, सात भागिले दोन म्हणजे तीन. पायथनने साडेतीन केले. सरांना तीनच हवे होते, हे त्यांच्या कॉमेंटमध्ये स्वच्छ लिहिलं होतं. भाषांतर करणाऱ्याने कॉमेंटचंही भाषांतर केलं होतं बरं का, फक्त वाचली नव्हती! आणि आम्हीही नाही.

म्हणून माझी आपल्या डिपार्टमेंटकडे, आणि सिलॅबस ठरवणाऱ्या मोठ्या लोकांकडे एक मागणी आहे. आपण पहिल्या वर्षी सी शिकतो, मग सी++, मग जावा, मग पायथन. चार भाषा, चार जर्नल्स, चार ओरल्स. प्रत्येकीत तोच फॅक्टोरियल आणि तोच पॅलिंड्रोम. एक ना धड, भाराभर चिंध्या! पाचवी भाषा वाढवू नका, प्लीज. त्याऐवजी या चिंध्यांची गोधडी शिवायला लावा. फक्त दोन प्रॅक्टिकल्स. पहिल्यात सी मध्ये लिहिलेलं एक फंक्शन पायथन आणि जावा, दोन्हींतून चालवायचं. दुसऱ्यात मुद्दाम चुकीची केलेली जोडणी द्यायची, जी एरर देत नाही, आणि विद्यार्थ्याने अशी टेस्ट शोधायची जिच्यात ती चूक पकडली जाईल. एक्स्टर्नलने एवढंच विचारावं, "ही टेस्ट तू का निवडलीस?" 'चालतंय की सर' हे उत्तर धरू नये.

आणि अजून एक. आमची चूक चार कम्प्युटरवाल्यांपैकी एकालाही दिसली नाही. छप्पर म्हणजे काय हे जिला माहीत होतं, तिला दोन सेकंदांत दिसली. डिपार्टमेंट्सच्या मधली भिंत हीसुद्धा एक शिवणच आहे. तिथेही कोणी बसत नाही.

मिनी प्रोजेक्ट सबमिट झालाय. रिपोर्टच्या शेवटी आम्ही एक पान जास्तीचं जोडलं, सर सांगत नसताना. त्यात फक्त एवढं आहे : कोणता ॲरे, कोणत्या क्रमाने, किती बाइट्सचा, कोणत्या युनिटमध्ये, मेमरी कोणाची. पुढच्या बॅचला ते पान आमच्या सगळ्या कोडपेक्षा उपयोगी पडेल असं मला वाटतं.

आजीला हे सगळं फोनवर सांगितलं. फोर्ट्रान तिला कळला नाही, पण मुद्दा बरोबर कळला. म्हणाली, "म्हणजे ऐकल्यावर एकदा परत म्हणून दाखवायचं, एवढंच ना?" हो आजी, एवढंच. आणि म्हणून दाखवताना सत्तर नाही, एकोणसत्तर म्हणायचं!

— टी. ई. कॉम्प्युटर